पावसाळ्यात जिरेनियम का कुजतं?

डिसेंबरमध्ये नर्सरीतून आणलेलं, गुच्छांनी लगडलेलं जिरेनियम बऱ्याचदा जुलै-ऑगस्टमध्ये आडवं होतं. दोष उन्हाळ्यावर जातो. उन्हाळ्यात फुलं थांबतात हे खरं, पण झाड सहसा मरतं ते उबदार ओलीने.

मूळ दक्षिण आफ्रिकेचं हे झाड आपल्या मांसल खोडात पाणी साठवतं. माती सतत चिंब राहिली की मुळांना हवा मिळत नाही, ती दुबळी होतात आणि पाण्यातून पसरणारी पिथियम बुरशी आत शिरते. मग खोड बुडापासून काळं, ओलसर होत वर सरकतं. एवढं झाल्यावर औषध मारून उपयोग नाही.

त्यामुळे मातीतच काळजी घ्यावी. २ भाग माती, २ भाग जाड वाळू किंवा परलाइट (फुगवलेले हलके पांढरे खडे), १ भाग चाळलेलं गांडूळखत. कुंडी ६ ते ८ इंचांची पुरे. मोठ्या कुंडीतली माती आठवडाभर ओली राहते. वरची २ सेंटीमीटर माती सुकल्यावरच पाणी घाला आणि ताटलीत साचलेलं ओतून द्या. जूनपासून कुंडी छज्जाखाली, पण उजेडात हवी.

माती आंबट करायला ताक ओतायची सवय असेल तर ही कुंडी वगळा. मातीचा सामू (pH; माती जितकी आंबट तितका हा आकडा कमी) ५.८ च्या खाली गेला की झाड लोह आणि मँगनीज जास्त शोषतं आणि पानांवर तपकिरी ठिपके पडतात. ऑक्टोबर ते मार्च दर १५ दिवसांनी १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश समान असलेलं) हे पाण्यात विरघळणारं खत लिटरला १ ग्रॅम द्या. नत्र वाढलं तर नुसतीच पानं माजतात. सकाळचं ४ ते ६ तास ऊन हवंच. एप्रिल-मेमध्ये दुपारी सावली. रात्री उकडत असताना कळ्या धरत नाहीत, तेव्हा खताने जबरदस्ती करू नका. सुकलेला गुच्छ देठासकट बुडातून मोडा, नाहीतर कुजका देठ करड्या बुरशीला वाट देतो.

माती ओली असूनही झाड माना टाकतंय आणि पानाच्या कडेला इंग्रजी ‘व्ही’सारखा पिवळा पट्टा दिसतोय? हा बहुधा जिवाणूजन्य करपा. झाड मातीसकट फेका, त्याची फांदी लावू नका. तीच कात्री दुसऱ्या झाडाला लावली तर रोगही जातो, म्हणून ती आधी स्पिरिटने पुसा.

निरोगी झाडाच्या फांद्या मात्र ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आणि पुन्हा फेब्रुवारीत जरूर लावा. पेराच्या जरा खाली कापलेला, ८ ते १० सेंटीमीटरचा शेंडा घ्या. खालची पानं आणि कळ्या काढून काही तास सावलीत ठेवा, म्हणजे काप सुकतो. मग ओलसर वाळू-कोकोपीटमध्ये खोचा. गुलाबासारखी वरून प्लॅस्टिकची पिशवी घालू नका, आत कोंडलेल्या दमटपणाने हे शेंडे कुजतात. तीन-चार आठवड्यांत मुळं सुटतात. फेब्रुवारीची रोपं ४ इंची कुंड्यांत ठेवली तर पावसाळाभर खिडकीच्या आत सहज मावतात.