बारावीला नव्वद टक्के, एम-वनला केटी

बारावीच्या गणितात उत्तम गुण मिळवलेला विद्यार्थी एफईला, म्हणजे इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी, एम-वन या गणिताच्या पहिल्या पेपरात नापास होऊन केटीत अडकला की घरचे मोबाइलला आणि नव्या मित्रांना दोष देतात. कधी तो खराही असतो. पण एक कारण सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. बारावीत क्लास दर आठवड्याला टेस्ट घ्यायचा, त्यात मागच्या धड्यांचे प्रश्न घुसडायचा. अभ्यास मुलगा करत होता, पण त्याला आठवायला लावण्याचं काम क्लास करत होता. कॉलेजात ते काम कुणाकडेच नसतं. सबमिशनच्या धावपळीत सेमिस्टर सरतं आणि पुस्तक उघडतं ते थेट पीएलमध्ये, परीक्षेआधीच्या अभ्यासाच्या सुट्टीत.

आठवण्याने काय फरक पडतो, हे हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये मोजून दाखवलं. एका गटाने एक उतारा चार सत्रांत वाचला. दुसऱ्याने एकाच सत्रात वाचला आणि उरलेल्या तीन सत्रांत न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते: ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्याने घेतली तेव्हा वाचणाऱ्यांकडे ४० टक्के उरलं होतं, आठवून लिहिणाऱ्यांकडे ६१. गंमत म्हणजे ‘आपल्या जास्त लक्षात राहील’ असा भरवसा वाचणाऱ्यांनाच अधिक होता. झेरॉक्स नोट्स तिसऱ्यांदा वाचताना ‘हे येतंय’ वाटतं, ते याचमुळे. नजरेला मजकूर ओळखीचा झालेला असतो. पेपरात मात्र तो कोऱ्या पानावर काढावा लागतो. पायवाट चालून चालून पडते, नकाशा पाहून नाही.

गणितात आणखी एक फसगत होते. युनिटच्या नावाखाली ओळीने वीस उदाहरणं सोडवली की हात बसतो, पण रीत कोणती हे शीर्षकच सांगत असतं. ‘ऑयलरचं प्रमेय’ या मथळ्याखाली दुसरं काय वापरणार? पेपरात मथळा नसतो. डग रोहरर आणि केली टेलर यांनी २००७ मध्ये कॉलेजच्या विद्यार्थ्यांना चार प्रकारच्या घनाकृतींचं घनफळ काढायला दिलं. एकेक प्रकार सलग सोडवणाऱ्यांची सरावात ८९ टक्के उत्तरं बरोबर आली, प्रकार मिसळून सोडवणाऱ्यांची ६०. आठवड्यानंतरच्या चाचणीत मिसळणारे ६३ टक्क्यांवर होते आणि सलगवाले २० वर घसरले.

तेव्हा लेक्चरच्या दिवशीच संध्याकाळी एक कोरं पान घ्या. दहा मिनिटं, वही मिटून, आठवेल ते लिहा: सूत्रं, व्याख्या, सिद्धतेचे टप्पे. मग वही उघडून राहिलेलं लाल पेनाने भरा. ही तपासणी टाळली तर चुकीचंच पक्कं होतं. तोच विषय दोन दिवसांनी, मग आठवड्याने, मग तीन आठवड्यांनी पुन्हा कोऱ्या पानावर. गणितासाठी आठवड्यातून दोनदा दहा उदाहरणांचा गठ्ठा करा: तीन चालू युनिटची, सात मागची. मॅट्रिक्सची रँक, पार्शल डेरिव्हेटिव्ह, डी मॉयव्हर, सगळं मथळ्याविना चिठ्ठ्यांवर. चुकलं की समासात लिहा, रीत निवडताना चुकलं की आकडेमोडीत. दोन्हींचे इलाज वेगळे आहेत. अडलात तर सोल्यूशन लगेच बघू नका, निदान पाच मिनिटं झगडा.

होस्टेलवर यातलं बरंच काही झोपेपाशी फिसकटतं. दिवसा शिकलेलं मेंदू झोपेत पक्कं करतो, त्यामुळे रात्र जागून केलेला अभ्यास बराचसा हातचा जातो. कॉफीतल्या कॅफीनचा निम्मा भाग शरीराबाहेर पडायला साधारण पाच तास लागतात, म्हणजे रात्री दहाचा कप तीन वाजताही अर्धा शिल्लक असतो. शेवटचा कप दुपारीच घ्या.

पहिले दोन-तीन आठवडे कोरं पान कोरंच राहतं आणि बहुतेक जण तिथेच हे सोडून परत हायलायटर उचलतात. ती धडपडच उपयोगाची असते. पान निम्म्याहून रिकामं राहिलं तर फक्त पुढचं अंतर कमी करा, सात दिवसांऐवजी चार.