वाळूचा थर आणि त्यावरचं झाकण

गाळाच्या खडकांच्या कड्यात वालुकाश्म, त्यावर शेल म्हणजे चिखल घट्ट होऊन बनलेला खडक, पुन्हा वालुकाश्म, पुन्हा शेल अशी चळत अनेक ठिकाणी दिसते. ही आलटापालट पुष्कळदा समुद्राच्या वरखाली होणाऱ्या पातळीने घडवलेली असते.

सुमारे 20,000 वर्षांपूर्वी, शेवटचं हिमयुग ऐन भरात असताना, समुद्र आजच्यापेक्षा जवळपास 120 मीटर खाली होता. खंडांवरच्या बर्फाने तेवढं पाणी अडवून ठेवलं होतं. आज बुडालेला भूखंड मंच, म्हणजे खंडांच्या कडेचा उथळ समुद्रतळ, तेव्हा बराचसा उघडा होता. नद्या त्यात दऱ्या कोरत कडेपर्यंत जात आणि वाळू थेट खोल समुद्रात लोटत. पुढे बर्फ वितळलं, दऱ्यांच्या खाड्या झाल्या. नदीची वाळू किनाऱ्यापाशीच अडू लागली आणि दूरवर पोचला तो फक्त बारीक चिखल. पातळी स्थिरावली की त्रिभुज प्रदेश समुद्रात पुढे सरकतात आणि त्या चिखलावर वाळू येते.

पृथ्वीच्या कक्षेत आणि आसाच्या कलात होणारे बदल हिमयुगांचा ताल ठरवतात. त्यांची आवर्तनं सुमारे 20 हजार, 41 हजार आणि 1 लाख वर्षांची आहेत. मात्र पातळी बदलली म्हणून थर टिकतोच असं नाही. तळ हळूहळू खचत राहिला, तरच गाळाला जागा मिळते. नाहीतर समुद्राची पातळी पुन्हा उतरली की तो झिजून जातो.

तेलाच्या शोधात या क्रमाला फार मोल आहे, कारण नुसता सच्छिद्र खडक पुरत नाही. तेल पाण्याहून हलकं असतं. वर अभेद्य थर नसेल, तर ते निसटून जातं. वालुकाश्म साठा धरतो आणि चढत्या समुद्राने पसरवलेला चिखल शेल होऊन त्याला झाकतो. एकाच आवर्तनातून दोन्ही मिळतात, ही मला या विषयातली सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते.

1977 मध्ये भूवैज्ञानिक पीटर वेल आणि एक्सॉन या तेल कंपनीतल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी भूकंपीय नोंदींवरून, म्हणजे जमिनीत सोडलेल्या लहरींच्या प्रतिध्वनींवरून, अशी आवर्तनं ओळखण्याची रीत मांडली. जगभर पातळी एकाच वेळी बदलल्याचा त्यांचा आलेख वादग्रस्त ठरला, पण थरांमधल्या सीमा शोधण्याची रीत रुजली.

चुनखडकात चक्र वेगळं चालतं. समुद्र उथळ होऊन कोरड्या हवेत आटला की क्षार साचतात. सौदी अरेबियातल्या घवार या महाकाय तेलक्षेत्रात ज्युरासिक काळातल्या सच्छिद्र चुनखडकावर अ‍ॅनहायड्राइट या क्षाराचंच झाकण आहे.

आता हेच ज्ञान कार्बन डायऑक्साइड गाडण्यासाठी वापरात आहे. नॉर्वेच्या स्लाइप्नर प्रकल्पात 1996 पासून हा वायू समुद्रतळाखालच्या वालुकाश्मात सोडला जातो. वर शेलचं जाड आवरण आहे. शिवाय वाळूच्या आतही शेलचे पातळ पापुद्रे निघाले, आणि वायू त्यांच्याखाली नऊ थरांत पसरलेला भूकंपीय चित्रांत दिसला.