बॉल ट्रान्सफर युनिट: भागिले तीनचा हिशेब आला कुठून?

बॉल ट्रान्सफर युनिट म्हणजे कपात बसवलेली, कुठल्याही दिशेला फिरणारी गोळी; अशी अनेक युनिटं लावलेल्या टेबलावरून जड माल ढकलत नेता येतो. किती भाराचं युनिट घ्यायचं ते ठरवताना मालाचं वजन भागिले तीन करतात. गोळ्यांवरून जड वस्तू सरकवण्याची युक्ती मात्र जुनी आहे. 1769 च्या हिवाळ्यात फिनलंडच्या आखाताजवळून सुमारे 1,250 ते 1,500 टनांचा ग्रॅनाइटचा धोंडा सेंट पीटर्सबर्गकडे निघाला. पीटर द ग्रेटच्या अश्वारूढ पुतळ्याला चौथरा हवा होता. ग्रीक अभियंता मारिनोस कारबुरिसने लाकडी रुळांना खाच पाडली, तिला धातूचं अस्तर दिलं आणि आत सुमारे 13.5 सेंमीचे गोळे ठेवले. लोखंडी गोळे भाराखाली टिकले नाहीत, तांब्याच्या मिश्रधातूचे टिकले. मागे पडलेले रूळ उचलून पुढे आणायचे, वळणावर धोंडा स्क्रूजॅकने उचलून गोल रुळावर फिरवायचा. काम चाललं, पण दिशा रूळच ठरवत होते.

आजच्या युनिटमध्ये गोळी जागेवरच फिरते. तिच्याखाली कडक केलेल्या कपात बारीक छर्रे असतात, म्हणून माल कुठल्याही दिशेला ढकलता येतो. त्यासाठी छर्रे तंतोतंत गोल आणि एकाच मापाचे लागतात. ते मोठ्या संख्येने घासून काढणारं यंत्र 1883 मध्ये जर्मनीतल्या श्वाइनफुर्टला फ्रीडरिख फिशरने बनवलं. गोळा टेकतो तिथला दाब कसा मोजायचा, हे जर्मन भौतिकशास्त्रज्ञ हाइनरिख हर्ट्झने त्याआधीच मांडलं होतं. त्या गणितानुसार व्यास दुप्पट केला की तेवढ्याच दाबाला गोळा चौपट भार पेलतो.

गोम आहे ती भाराच्या वाटणीत. टेबलावर वीस युनिटं असली तरी मालाचा ताठ, सपाट तळ मुख्यतः तिघांवरच टेकतो. बाकीची केसभर खाली राहतात. म्हणून 1,200 किलोच्या डायला (धातूला आकार देणाऱ्या जड साच्याला) प्रत्येक युनिट किमान 400 किलोचं घ्यायचं. वीसने भागून 60 किलोचं घेतलं तर कप चेपतो आणि गोळी अडकते. दोन युनिटांमधल्या अंतरासाठी तळाची लहान बाजू धरायची: 600 मिमी असेल तर सपाट तळाला भागिले अडीच, म्हणजे 240 मिमी, खडबडीत तळाला भागिले साडेतीन, म्हणजे साधारण 170.

माल क्रेनने आदळत असेल तर स्प्रिंगवालं युनिट बरं. तळ मऊ पोलादाचा किंवा अॅल्युमिनियमचा असेल तर गोळी चर पाडते. अशा वेळी खाली कडक पट्टी लावावी. गोळी खाली तोंड करून बसवायची असेल तर कॅटलॉगमधला त्या स्थितीचा भार वेगळा पाहावा, कारण उलट्या युनिटमध्ये छर्रे कपात नीट फिरत राहतीलच असं नाही.