मधुमेह : स्वव्यवस्थापन व कुटुंबाचा आधार (ठाणे–नवी मुंबई परिसर)

मधुमेह, उच्च रक्तदाब, दमा अशा जन्मभराच्या आजारांत औषध, आहार, चालणे, तपासण्या आणि मनःस्थिती यांचा रोजचा सांभाळ प्रौढ रुग्णाने स्वतः करणे म्हणजे स्वव्यवस्थापन. त्यात घरच्यांचा जो हातभार लागतो तो कौटुंबिक आधार. डॉक्टरांची भेट महिन्या-तीन महिन्यांनी काही मिनिटांची असते. मधले सगळे दिवस रुग्णाचे आणि त्याच्या घराचे.

प्राचीन उल्लेख : चरक व सुश्रुत संहितांत प्रमेहाचे (वारंवार, गढूळ लघवी होण्याच्या विकारांचे) २० प्रकार सांगितले असून चरकाच्या यादीत मधुमेह हा वातज, म्हणजे वातदोषातून होणाऱ्या, चारांपैकी एक. सुश्रुतसंहितेच्या काळाबद्दल एकमत नाही. इ. स. पू. सहाव्या शतकापासून इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांपर्यंत मते दिली जातात. ग्रंथाला आजचे रूप थराथराने आले असावे, हे मत अधिक ग्राह्य वाटते. या संहितेत प्रमेहाचे ‘सहज’ (जन्मजात) आणि ‘अपथ्यनिमित्तज’ (चुकीच्या आहारविहारातून होणारा) असे दोन भेद आहेत. पहिल्यातला रोगी कृश, दुसऱ्यातला स्थूल. यावरून अनेक आधुनिक लेखक त्यांना थेट आजचा टाइप १ (शरीरात इन्शुलिन जवळजवळ तयार न होणारा) आणि टाइप २ (इन्शुलिनचा परिणाम अपुरा पडणारा) मधुमेह म्हणतात. मात्र सहज प्रमेहाचे कारण आईवडिलांचा बीजदोष असे दिले आहे आणि आनुवंशिकतेचा धागा आज टाइप २ मध्येच अधिक ठळक दिसतो. त्यामुळे हे समीकरण जपून वापरावे. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने याच संहितेच्या चिकित्सास्थान या उपचारविषयक भागातील एक तपशील मोलाचा आहे. निर्धन किंवा ‘अबान्धव’ रोग्याने, म्हणजे ज्याला सोयरेधायरे नाहीत त्याने, अनवाणी, भिक्षा मागत, गावोगाव एकेक रात्र काढत शंभर योजने चालावे, असे तिथे सांगितले आहे. आप्त नसणे ही बाब उपचार ठरवताना विचारात घेतली गेली, एवढे तरी त्यावरून म्हणता येते.

संज्ञेचा उगम : इन्शुलिनचा शोध १९२१ मध्ये टोरंटो येथे लागला. त्याआधीच, १९१८ मध्ये, बॉस्टनचे डॉ. एलियट जॉस्लिन यांनी डॉक्टर आणि रुग्ण दोघांनी वापरावी अशी मधुमेहाची पुस्तिका काढली होती. काही अभ्यासक रुग्णशिक्षणाची सुरुवात तिथून धरतात. ‘स्वव्यवस्थापन’ या अर्थाची ‘सेल्फ-मॅनेजमेंट’ ही इंग्रजी संज्ञा मात्र मधुमेहातून आलेली नाही. दम्याच्या मुलांसोबत काम करणारे टॉमस क्रीअर व त्यांचे सहकारी १९६०च्या दशकाच्या मध्यापासून ती वापरत होते, असे सामान्यतः मानले जाते. पुढे अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या केट लॉरिग यांनी ती प्रौढांच्या दीर्घ आजारांसाठी रुजवली. कॉर्बिन आणि स्ट्रॉस या संशोधकांनी १९८८ मध्ये या कामाचे तीन भाग केले : आजार सांभाळणे, संसारातली व नोकरीतली आपली जागा सांभाळणे, भावना सांभाळणे. तिसऱ्या भागाकडे आपल्याकडे फार कमी लक्ष जाते.

घरातील व्यवहार : आधार आणि पाळत यांत फरक करावा लागतो. ‘पुन्हा गोड खाल्लंत?’ असे चारचौघांत विचारले की माणूस चोरून खाऊ लागतो आणि साखरेची नोंदही लपवतो. सगळ्या घराने एकच ताट जेवणे, बरोबर फिरायला जाणे, पायांच्या तळव्यांवरची जखम पाहून देणे यांचा उपयोग जास्त होतो. सणउपवासाचे आधी ठरवावे : साबुदाण्याची खिचडी म्हणजे बहुतांशी पिष्टच, आणि इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असताना दिवसभर उपाशी राहणे धोक्याचे. हायपो, म्हणजे रक्तातील साखर एकदम खाली जाणे, घरातील प्रत्येकाला ओळखता आला पाहिजे. थंड घाम, थरथर, असंबद्ध बोलणे दिसले आणि साखर ७० मिग्रॅ/डेसिलिटरच्या खाली असली, तर तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी व १५ मिनिटांनी पुन्हा मोजावी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये, थेट रुग्णालय गाठावे. न उघडलेले इन्शुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसला, फ्रीजमध्ये पण बर्फाच्या कप्प्यापासून दूर ठेवतात.

ठाणे व नवी मुंबई : लोकलचा प्रवास आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखान्यांच्या पाळ्या यांमुळे जेवणाच्या वेळा सरकतात, रात्रपाळीच्या आठवड्यात गोळ्यांच्या व इन्शुलिनच्या वेळा डॉक्टरांकडून वेगळ्या लिहून घ्याव्या लागतात. ‘भात सोडा, भाकरी खा’ हा सल्ला देशावरून आलेल्या कुटुंबात ज्वारी-बाजरीची भाकरी समजून पाळला जातो. दिवाळे, करावे, घणसोली अशा आगरी-कोळी गावांत भाकरी म्हणजे तांदळाची, त्यामुळे सल्ला शब्दशः पाळूनही साखर चढीच राहते. दोष अशा वेळी रुग्णाचा नसतो. कोणत्या पिठाची भाकरी, हे विचारायचे राहिलेले असते. चालण्यासाठी ठाण्यात तलावपाळी व उपवन, नवी मुंबईत सेक्टरांतील उद्याने वापरात आहेत. कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आणि वाशीचे रुग्णालय ही अनुक्रमे ठाणे व नवी मुंबई महापालिकांची आहेत. असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात (२०१० पासून) तिशीपुढील व्यक्तींची मधुमेह व रक्तदाबासाठी तपासणी केली जाते.