वनस्पतींवरील विषारीपणाची चाचणी: आधी प्रस्ताव, मग पेरणी

युरोपीय संघात वर्षाला १ टन किंवा त्याहून जास्त रसायन बनवणाऱ्या वा आयात करणाऱ्या कंपनीला ‘रीच’ कायद्याखाली (नियमन १९०७/२००६) नोंदणी करावी लागते. जमिनीवरच्या वनस्पतींची चाचणी मात्र १०० टनांपासून लागू होते. त्या टप्प्यावर परिशिष्ट ९ प्रमाणे अल्पकालीन परिणाम दाखवावे लागतात आणि १००० टनांपासून परिशिष्ट १० प्रमाणे दीर्घकालीन. संघाबाहेरच्या उत्पादकाला स्वतःच्या नावाने नोंदणी करता येत नाही. त्यासाठी संघात ‘एकमेव प्रतिनिधी’ नेमावा लागतो.

या दोन परिशिष्टांतली नवी चाचणी आपल्या मनाने सुरू करायची नसते. नोंदणीच्या फाईलमध्ये चाचणीचा प्रस्ताव घालून तो हेलसिंकीच्या युरोपीय रसायन संस्थेकडे द्यायचा. निर्णयाचा मसुदा आला की ३० दिवसांत आपले म्हणणे मांडता येते. अंतिम निर्णय हाती पडल्यावरच कुंड्या भरायच्या.

चाचणीतून सूट मिळू शकते, पण रसायन मातीपर्यंत प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्षपणे पोहोचणे संभवत नाही हे पटवून द्यावे लागते. कारखाना बंदिस्त आहे एवढे म्हणून भागत नाही. सांडपाणी कुठे जाते, त्याचा गाळ शेतात पसरला जातो का, याचे उत्तर फाईलमध्ये हवे. रसायन मातीला घट्ट चिकटणारे किंवा फार काळ टिकणारे असेल, तर १०० टनांच्या टप्प्यावरही अल्पकालीन चाचणीऐवजी दीर्घकालीन चाचणी लागू शकते.

प्रस्तावासोबत रसायनाची ओळख, शुद्धता आणि त्यातल्या अशुद्धी, पाण्यातली विद्राव्यता, मातीला चिकटण्याची व विघटनाची माहिती, आणि ही चाचणी का हवी याचे कारण द्यावे. प्रयोगशाळेला नमुन्याच्या तुकडीचे विश्लेषण प्रमाणपत्र आणि सुरक्षा माहितीपत्रक लागते. प्रयोगशाळा जीएलपी (उत्तम प्रयोगशाळा पद्धती) मानकांनुसार काम करणारी असावीच, नाहीतर अहवाल ग्राह्य धरला जात नाही.

पद्धत साधारणपणे ओईसीडी या आंतरराष्ट्रीय आर्थिक संघटनेची मार्गदर्शिका २०८. तिची सध्याची आवृत्ती २००६ ची. रसायन मिसळलेल्या मातीत बी पेरायचे, कंट्रोलच्या, म्हणजे तुलनेसाठी रसायन न घातलेल्या, कुंड्यांमधली निम्मी रोपे उगवली की तिथून १४ ते २१ दिवस मोजायचे, आणि शेवटी उगवण, रोपांची उंची किंवा वजन, पानांवरचे पिवळे वा करपलेले डाग नोंदवायचे. दीर्घकालीन माहितीसाठी युरोपीय संस्था किमान सहा प्रजाती मागते: दोन एकदल, चार द्विदल.

खरी मेहनत मातीत रसायन सारखे मिसळण्यात आहे. पाण्यात न विरघळणारे रसायन ॲसिटोनसारख्या उडून जाणाऱ्या द्रावकात विरघळवतात, ते वाळूवर चढवतात, द्रावक पूर्ण उडू देतात आणि मग ती वाळू मातीत कालवतात. अशा वेळी फक्त द्रावक वापरलेल्या कुंड्यांचा वेगळा कंट्रोल ठेवावा लागतो. पाणी शक्यतो खालून द्यावे, म्हणजे रसायन धुपून खाली जात नाही. बीजप्रक्रिया केलेले बियाणे टाळा. त्यावरच्या बुरशीनाशकाचा परिणाम रसायनाच्या नावावर जमा होतो.

चाचणी वैध ठरण्याचे निकष कडक आहेत आणि ते तसेच असावेत. कंट्रोलमध्ये किमान ७० टक्के बी उगवायला हवे, उगवलेल्यांपैकी सरासरी ९० टक्के रोपे शेवटपर्यंत जगायला हवीत आणि त्यांच्यावर विषबाधेचे कोणतेही चिन्ह दिसता कामा नये. यातला एकही निकष चुकला तर त्या प्रजातीची चाचणी पुन्हा करावी लागते. म्हणून रसायन उघडण्याआधी त्याच मातीत, त्याच प्रकाशात बियाण्याची उगवण तपासून घ्या.

अंतिम अहवालात अभ्यास संचालकाची सही आणि गुणवत्ता हमी विभागाचे निवेदन असते. त्याचा सविस्तर सारांश आययूक्लिड या रसायनांची माहिती नोंदवण्याच्या संगणक प्रणालीत भरून, निर्णयात दिलेल्या मुदतीच्या आत नोंदणीची फाईल अद्ययावत करायची असते.