पॅनेलवरचे काटे कुठे गेले?

हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरमधल्या ग्लायडरमध्ये डोकावलं, तर पुढ्यात मोजक्याच तबकड्या दिसतात. वेग, उंची, होकायंत्र आणि व्हेरिओमीटर. हवेच्या दाबातल्या फरकावरून ग्लायडर चढतोय की उतरतोय हे सांगणारा व्हेरिओमीटर म्हणजे ग्लायडरवाल्यांचा जीव की प्राण. ढगात शिरायचंच नसतं, त्यामुळे एवढ्यावर भागतं.

ढगात मात्र आतल्या कानाचा तोल फसतो. विमान वळत असतं आणि पायलटला वाटतं, सरळ चाललोय. यावरचा उपाय २४ सप्टेंबर १९२९ रोजी अमेरिकेत जिमी डूलिटलने करून दाखवला. झाकलेल्या कॉकपिटमधून, फक्त यंत्रांकडे बघत, त्याने विमान उडवलं आणि उतरवलंही. भिस्त होती ती जायरोवर, म्हणजे वेगाने फिरणाऱ्या भोवऱ्यावर.

तोच भोवरा छोट्या विमानांत आला आणि इंजिनावर चालणाऱ्या व्हॅक्यूम पंपाने फिरू लागला. यातली खोच अशी, की पंप बंद पडला तरी काटा लगेच थांबत नाही. भोवरा मंदावत जातो, कृत्रिम क्षितिज (विमान किती कललंय ते दाखवणारी तबकडी) हळूहळू कलंडतं आणि बेसावध पायलट विमानही तसंच कलंडवतो. दिशा दाखवणारा जायरो तर धडधाकट असतानाही सरकतो; दर पंधरा मिनिटांनी होकायंत्राशी जुळवून घ्यावा लागतो.

रडारला विमानाची ओळख कळवणाऱ्या ट्रान्सपॉन्डरचं मूळ युद्धात आहे. रडारवर दिसणारं विमान आपलं की शत्रूचं, हे ओळखायला दुसऱ्या महायुद्धात जी यंत्रणा बनली, तिचा हा नागरी वंशज. पुण्याच्या लोहगाव विमानतळाचं हवाई नियंत्रण आजही हवाई दलाकडे आहे, तेव्हा इथे ही गोष्ट विशेष शोभते. कंट्रोलर चार आकडी कोड देतो. प्रत्येक आकडा ० ते ७, म्हणजे एकूण ४,०९६ कोड.

जीपीएसही लष्कराचंच. १९८३ मध्ये कोरियाचं प्रवासी विमान वाट चुकून सोव्हिएत हद्दीत गेलं आणि पाडलं गेलं, २६९ जण गेले. त्यानंतर अमेरिकेने जीपीएस नागरी वापराला देण्याचं जाहीर केलं. नागरी सिग्नलमधली मुद्दाम ठेवलेली चूक मात्र मे २००० मध्ये काढली.

२००४ च्या सुमारास गार्मिन कंपनीचा जी१००० हा डिजिटल पॅनेल सेसना १७२ सारख्या छोट्या विमानांत आला. दोन मोठे पडदे, आणि भोवऱ्याच्या जागी काहीही न फिरणारे सेन्सर. तरी पडद्यांखाली तीन छोट्या तबकड्या ठेवल्याच. सुरुवातीच्या १७२ मध्ये त्यातलं क्षितिज पुन्हा त्या जुन्या व्हॅक्यूम पंपावरच फिरायचं.