टिकलीत बंदुकीची दारू नसते

दिवाळी जवळ आली की ‘आमच्या लहानपणी कुणाला काही होत नव्हतं’ छापाचे मेसेज फिरू लागतात. खाली टिकल्यांच्या पिस्तुलाचा फोटो, आणि टिकलीत बंदुकीची दारू असते ही ठाम माहिती. होत नव्हतं कसं? बोटं चांगली पोळायची. आणि दारूचं म्हणाल तर ते साफ चूक आहे. कोळसा, गंधक आणि सोऱ्याची ती दारू दगडाने ठेचून सहसा पेटत नाही. तिला ठिणगी लागते.

टिकलीत असतात लाल फॉस्फरस आणि पोटॅशियम क्लोरेट. काडेपेटीतही हीच जोडी असते, पण क्लोरेट काडीच्या गुलात आणि फॉस्फरस पेटीच्या कडेला. १८४४ साली स्वीडनच्या गुस्ताफ पाश यांनी ही फारकत केली, म्हणून ती ‘सेफ्टी’ मॅच. टिकलीत मात्र दोघं एकाच ठिपक्यात नांदतात.

आता खरी गंमत. दगड बसला की त्याची ऊर्जा ठिपकाभर सारखी पसरत नाही. क्लोरेटचे कडक स्फटिक एकमेकांवर घासतात आणि धुळीच्या कणाहून लहान अशा काही जागा क्षणात प्रचंड तापतात. तिथे क्लोरेट आपल्या रेणूतला ऑक्सिजन सोडतो. शेजारी लाल फॉस्फरसमधली अणूंची जाळी तुटलेली असते. ते सुटे अणू त्या ऑक्सिजनवर तुटून पडतात. फॉस्फरस पेंटॉक्साइड तयार होतं, उष्णता निघते, ती पुढच्या कणाला पेटवते. हवेतल्या ऑक्सिजनची वाट बघावीच लागत नाही, म्हणून जळण्याऐवजी ‘फट्’ होतं. तो पांढरा धूर म्हणजे पेंटॉक्साइड आणि बाष्प मिळून झालेलं फॉस्फोरिक आम्लाचं तुषार.

(‘मंत्राने’ होम पेटवणारे बाबा हेच तत्त्व वापरतात: पोटॅशियम परमँगनेटवर तूप म्हणून ग्लिसरीन ओततात. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे (अंनिस) कार्यकर्ते हा चमत्कार शाळाशाळांतून करून दाखवतात.)

नट-बोल्टचा खेळ याहून वाईट. एका नटात दोन बाजूंनी बोल्ट, मध्ये काड्यांचा खरवडलेला गुल, आणि वर फेकायचं, खाली आपटलं की फुटतं. गुलात क्लोरेटसोबत बहुधा गंधक असतं. कागदाच्या टिकलीतला वायू लगेच मोकळा होतो. इथे तो लोखंडात कोंडतो आणि बोल्ट गोळीसारखा सुटतो. क्लोरेट-गंधकाच्या या मिश्रणावर भारत सरकारने १९९२ साली बंदी घातली. त्यातून सूट आहे ती काड्यांच्या गुलाला, खेळण्यातल्या टिकल्यांना आणि प्रयोगासाठी लागणाऱ्या थोड्याशा मिश्रणाला.